अण्णांचं ड्राय वेट

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, तासगाव डेपोतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मधुमेह जुना, जोडीला रक्तदाब. एका पावसाळ्यात पायांवरची सूज उतरेनाशी झाली, अन्नाचा वास नकोसा झाला, आणि क्रिएटिनिनचा आकडा बघून गावातल्या डॉक्टरांनी मिरजेची चिठ्ठी दिली. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय उभारलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आता तर गल्लोगल्ली दवाखाने आहेत. रायबाग, कुडची, अथणी, जत, विजापूर, सगळीकडून माणसं इथे येतात. अशा गावात अण्णांना उपचार चांगलेच मिळणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

मी सांगलीत वाणिज्य शाखेला शिकवते. सेवा क्षेत्राचं विपणन हा माझा विषय. सेवेचा दर्जा कसा मोजायचा हे शिकवताना परशुरामन, झीथॅमल आणि बेरी या तिघांनी 1988 मध्ये मांडलेली सर्व्हक्वाल ही पट्टी मी दरवर्षी फळ्यावर काढते. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, भरवसा, तत्परता, समोरच्याच्या जाणकारीची खात्री आणि आपुलकी असे तिचे पाच भाग, बावीस विधानं. रुग्णालय हे वर्गातलं माझं नेहमीचं उदाहरण, कारण मुलांना ते लगेच कळतं. अण्णा आजारी पडल्यावर त्या बावीस विधानांत काय बसतं आणि काय बसत नाही, हे मला वर्गाबाहेर बघायला मिळालं.

मिरजेत निदान झालं: किडन्या निकामी, आता डायलिसिस. ते म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात नाही त्यांना थोडं सांगायला हवं. हातातली एक धमनी आणि एक शीर शस्त्रक्रियेने जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. काही आठवड्यांत ती शीर फुगते, बोट ठेवलं की आत थरथर लागते. तोवर मानेतल्या नळीवर भागवावं लागतं. मग दर वेळी त्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या, एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. चार तास. खरं तर आठवड्यातून तीनदा करायचं, पण खर्चामुळे आणि अंतरामुळे आपल्याकडे कितीतरी जण दोनदाच करतात. अण्णांचंही दोनदाच होतं. एका बैठकीत सुमारे 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी रक्ताच्या शेजारून, मध्ये फक्त एक पातळ पडदा ठेवून, वाहून जातं. आणि लघवी होत नसल्यामुळे दोन बैठकांच्या मध्ये अंगात साठलेलं पाणीही मशीनच ओढून काढतं.

हे पाणी किती काढायचं ते ड्राय वेटवरून ठरतं. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन असेल ते त्याचं ड्राय वेट. आल्या आल्या वजन करायचं, त्यातून ड्राय वेट वजा करायचं, उरेल तेवढं काढायचं. हिशेब सोपा. अवघड आहे तो मूळ आकडा. रक्ताच्या एखाद्या तपासणीतून तो हाती पडत नाही. सूज, रक्तदाब, छाती, आणि मशीनवर असताना माणसाला काय होतं, हे सगळं बघून डॉक्टर तो अंदाजाने ठरवतात आणि बदलत राहतात. बदलत राहणं यातच सगळं आलं.

सुरुवात केली ती एका मोठ्या खासगी रुग्णालयात. त्या जागेबद्दल चांगलं तेही सांगते. मशीन नवी होती. चादरी दर पेशंटला बदलायच्या. कावीळ बी आणि सी असलेल्यांची मशीन वेगळ्या खोलीत होती. रक्त गाळणाऱ्या नळकांड्यावर, म्हणजे डायलायझरवर, पेशंटचं नाव असायचं आणि लावण्याआधी ते दोघं जण ताडून बघायचे. किडनीचे डॉक्टर हुशार, नाव असलेले. माझ्या पट्टीवर दिसणाऱ्या गोष्टींना पैकीच्या पैकी गुण पडले असते.

अण्णा मात्र तिथे गप्प होत गेले. आयुष्यभर गाडीभर माणसांशी बोललेला माणूस. तिथे ते ‘चार नंबर’ होते. ‘चार नंबरचं वजन झालं का’, ‘चार नंबर काढा’. सुई घालताना टेक्निशियनचं लक्ष शेजारच्या खाटेवरच्या बोलण्यात असायचं. सुई दुखते हे अण्णांना मान्य होतं. कधी टोचणार ते कळत नाही, याचा त्यांना त्रास व्हायचा. दुसरा त्रास थांबण्याचा. सकाळी नऊची वेळ दिलेली असायची, आणि आधीची शिफ्ट लांबली की साडेदहा-अकरा. अण्णा पहाटे उठून, गोळ्या आणि खाणं त्या वेळेला जुळवून, तासगावहून यायचे. एकदा मला म्हणाले, “गाडी लेट होऊ दे की. आमच्या पण व्हायच्या. पण कंट्रोलर खिडकीतनं सांगायचा, अमकी गाडी अर्धा तास लेट हाय. मग माणूस च्या पिऊन येतो, बायकापोरं सावलीला बसतात. हितं कोन कायच सांगत न्हाई. नुसतं बसा म्हंत्यात.”

तीस-पस्तीस वर्षं स्टँडवर काढलेल्या माणसाने काही वाक्यांत सांगितलेलं हे, मी वर्गात ‘तत्परता’ म्हणून तासभर शिकवते.

मग पायांत गोळे यायला लागले. तिसरा तास संपत आला की पोटऱ्या आवळायच्या, अण्णा दातावर दात दाबून धरायचे. कधी बीपी एकदम खाली यायचं, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी. सिस्टर धावत यायच्या, सलाइन सोडायच्या, पाय वर करायच्या. त्यात कुचराई कधी झाली नाही. पण दर वेळी तेच वाक्य, “होतं असं, आजोबा, डायलिसिसमध्ये होतंच.” आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी डॉक्टरांना गाठून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बघितले, पोटॅशियम ठीक आहे, युरिया उतरतोय, डायलिसिस उत्तम चाललंय म्हणाले. त्यांच्या हातातल्या कागदावर ते खरंच होतं.

घरी आल्यावर अण्णा दुसऱ्या दिवसापर्यंत उठायचे नाहीत. हळूहळू त्यांनी कारणं काढायला सुरुवात केली. आज बाजार आहे, रिक्षा मिळायची नाही. आज आभाळ आलंय. एक खेप चुकवली. आईने चुलत्यांना बोलावून समजूत घातली, तरी गेले नाहीत. त्या रात्री त्यांना आडवं होता येईना. उशा टेकून बसवलं तरी धाप. छातीत पाणी झालं होतं. अपरात्री गाडी करून मिरजेत नेलं, तातडीने मशीनवर घेतलं, दोन दिवस अतिदक्षता विभागात काढले. जिवावरचं निभावलं.

वॉर्डात आल्यावर मी शेजारी बसून विचारलं, का गेला नाहीत? रागावून नाही विचारलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मशीनची भीती न्हाई गं मला. किती काढणार, कवा थांबवणार, काय कळंना. पाणी माझ्या अंगातलं, आन् मलाच ठावं न्हाई.”

असमाधानी रुग्ण म्हणजे तक्रारखोर रुग्ण, असं रुग्णालयं धरून चालतात. अण्णांनी रुग्णालयात कधी तक्रार नोंदवली नव्हती. ते फक्त यायचे थांबले. दीर्घ आजारात असमाधान असंच दिसतं. माणूस गोळी अर्धी करतो, तारीख चुकवतो, गावातल्या वैदूकडे जातो. रुग्णालयाच्या वहीत त्याची नोंद ‘पेशंट आला नाही’ एवढीच होते, आणि दोष पेशंटच्या नावावर जातो.

घरी सोडताना बिलाच्या खिडकीवर आम्हाला अभिप्रायाचा कागद मिळाला. हसरे, मधले आणि रडवे चेहरे. स्वच्छता, उपाहारगृह, वाहनतळ, कर्मचाऱ्यांचं वागणं. भरणारी मी; अण्णा चाकाच्या खुर्चीत, दाराशी. मागे रांग होती, आणि फाइल अजून रुग्णालयाच्याच ताब्यात. अशा वेळी कुणीही हसऱ्या चेहऱ्यांवर खुणा करून मोकळा होतो. त्या कागदावर कुठेही असा प्रश्न नव्हता की, आज तुमच्या अंगातून किती पाणी काढणार आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं का? लिफ्टशेजारी रुग्णहक्कांची सनद लावलेली होती. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांमध्ये 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ती दर्शनी भागात लावावीच लागते. स्वतःच्या आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा त्यातला पहिल्या काहींमधला हक्क. मी तो तिथे उभी राहून पूर्ण वाचला.

त्यानंतर आम्ही केंद्र बदललं. ट्रस्टचं, जुन्या इमारतीतलं, महात्मा फुले योजनेखाली. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2017 पासून जोतीराव फुल्यांच्या नावाने आहे. ती नसती तर आमच्यासारख्या कितीतरी घरांत डायलिसिस काही महिन्यांत बंद पडलं असतं. योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार, फोटो असे सोपस्कार झाले. हॉलमध्ये पंखे, एसी एका भिंतीला. नातेवाइकांना बसायला बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याही कमी. मला मनातून धाकधूक होती.

तिथल्या सकाळच्या शिफ्टला एक अनुभवी टेक्निशियन होत्या. अथणीकडच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही तोंडात सारखंच. सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्यांनी पहिल्या दिवशी अण्णांना वजनकाट्यावर उभं केलं, जुनी फाइल उघडली आणि विचारलं, “अण्णा, जेवण कसं हाय आता?” अण्णा म्हणाले, बरं आहे, भाकरी जाते. “पहिल्यापेक्षा जास्त?” हो. “आन् ह्यो सदरा? दंडात घट्ट होतोय का?” अण्णांनी दंडाकडे बघितलं. खरंच होत होता. मग ताईंनी गोळे कुठल्या तासाला येतात, बीपी कधी पडतं, घरी गेल्यावर किती वेळ झोपता, हे सगळं विचारून कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

गोष्ट अशी होती. डायलिसिस सुरू झालं तेव्हा अण्णा खंगलेले होते. ड्राय वेट ठरलं 54 किलो. पुढे अन्न जाऊ लागलं, अंगावर मांस आलं. म्हणजे त्यांचं खरं वजन वाढलं. फाइलमधला 54 चा आकडा मात्र तसाच राहिला. त्यामुळे दर खेपेला मांसाचं वजनही पाणी समजून तेवढं पाणी जास्त ओढलं जात होतं. गोळे, अंधारी, दुसऱ्या दिवसापर्यंतचा थकवा, सगळं त्याचं. नव्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, छाती ऐकली, आणि अर्ध्या-अर्ध्या किलोने आकडा वर नेत 56 च्या पुढे आणून थांबवला. काही आठवड्यांत गोळे बंद झाले. अण्णा डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागले.

मी यावर फार विचार केला आहे. ‘पायात गोळे येतात’ हे अण्णांचं सांगणं पहिल्या जागी सगळ्यांनी ऐकलं होतं. सौजन्याने ऐकलं होतं. पण ते रुग्णाची कुरकुर म्हणून ऐकलं गेलं, आजाराची माहिती म्हणून नाही. तेच वाक्य दुसरीकडे फाइलमधल्या आकड्यापर्यंत पोचलं. आमच्या पट्टीत आपुलकी हा पाचवा, शेवटचा भाग, आणि मुलं तो गोड बोलण्याशी जोडतात. मी आता वर्गात वेगळं सांगते. आपुलकी हे तपासणीचं हत्यार आहे. सदरा घट्ट होतो का हा प्रश्न प्रेमाचाही होता आणि वैद्यकीयही. त्याचे दोन भाग करता येत नाहीत.

ताईंची आणखी एक पद्धत. मशीन लावण्याआधी त्या प्रत्येकाला आकडा सांगायच्या. “अण्णा, आज दोन किलो चारशे. जरा जास्त झालंय, रविवारी कोन आलतं घरी?” अण्णा ओशाळून कबूल करायचे, पाहुणे आले, चहा झाला. पाणी कमी प्या, केळं-नारळपाणी टाळा, भाज्या उकळून पाणी टाकून द्या, हे छापील पथ्य आमच्याकडे आधीपासून होतं. ते पाळलं जाऊ लागलं ते आकडा कळायला लागल्यावर. अण्णांनी एसटीतली जुनी सवय काढली, खिशात छोटी वही ठेवली. आलो तेव्हाचं वजन, गेलो तेव्हाचं वजन, बीपी. तिकिटांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हिशेब हातात मिळाला. शेजारच्या खाटेवर रायबागकडच्या एक आजी असत, मराठी अजिबात येत नसे. ताई सुई घालण्याआधी त्यांना कन्नडमधून काहीतरी सांगायच्या आणि आजी डोळे मिटून हात सैल सोडायच्या. हात आवळलेला असला की सुई चुकते, हे ताईंनीच मला नंतर सांगितलं.

इथवर ऐकून माझे सहकारी म्हणतात, म्हणजे यंत्रं-बिंत्रं गौण, माणसं महत्त्वाची. मला हे पटत नाही, आणि ते का ते सांगायलाच हवं.

अण्णा त्या केंद्रावर इतके खूश होते की काही विचारायची सोय राहिली नव्हती. मी जेव्हा वही चाळली तेव्हा लक्षात आलं की महिन्याची रक्ततपासणी बरेच दिवस झालेली नाही. लॅबशी काहीतरी घोळ होता, रक्त वाढवण्याचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शनही कधी यायचं, कधी नाही. अण्णा जिना चढताना थांबायला लागले होते आणि आम्ही वयावर ढकलत होतो. बाहेर तपासून घेतलं तर हिमोग्लोबिन सातच्या जरासं वर. डायलिसिसच्या रुग्णात ते दहाच्या आसपास तरी असावं असं धरतात. मी म्हटलं, विचारते. अण्णा माझ्यावर चिडले. “त्या पोरीला बोल लागंल. एवढं करती ती.”

त्यांचं समाधान अगदी खरं होतं, आणि तरीही त्यांच्या रक्तातली कमतरता त्यांना कळलेली नव्हती. रुग्णाला सुई कळते, शब्द कळतो, वाट बघणं कळतं. हिमोग्लोबिन कळत नाही. मशीनमधलं पाणी तर नाहीच नाही. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावी एका डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या पाण्यात नील-हरित शेवाळाचं विष आलं. शंभराहून अधिक रुग्णांना उलट्या आणि डोळ्यांपुढे धूसर दिसणं सुरू झालं, यकृत निकामी होऊन पन्नासच्या आसपास दगावले. तिथले कर्मचारी गोड होते की तुसडे, याने त्या पाण्यात काही फरक पडला नसता. म्हणून नुसत्या समाधानाच्या आकड्यावर दर्जा ठरवणं मला धोक्याचं वाटतं. अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्येच रुग्णसेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन बाजूंनी बघायला सांगितलं होतं. शेवटच्या आजारात, स्वतः रुग्ण झाल्यावर, विस्कळीत व्यवस्थेचा जाच त्यांनाही झाला आणि त्याबद्दल ते मुलाखतीत मोकळेपणाने बोलले. ज्याने मोजायला शिकवलं त्याच्याही वाट्याला हे यावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मी ताईंशी बोलले. अण्णांच्या पाठीमागे नाही, त्यांच्यासमोरच, वही उघडून. ताई गोरीमोरी झाल्या, पण रागावल्या नाहीत. “मॅडम, मी वर दोनदा लिहून दिलंय,” म्हणाल्या. मग आम्ही दोघी मिळून केंद्राच्या प्रमुख डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाकीच्या फाइली मागवल्या. अण्णांसारखेच आणखी काही जण निघाले. लॅबची व्यवस्था बदलली, इंजेक्शनचा साठा कोण बघणार हे नावानिशी ठरलं. तपासणीची तारीख आता फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने असते. पुढच्या काही महिन्यांत अण्णांचं हिमोग्लोबिन दहाला टेकलं.

सरकारी रुग्णालयांसाठी 2016 पासून ‘मेरा अस्पताल’ नावाची सोय आहे; भेट देऊन गेल्यावर मोबाइलवर संदेश किंवा फोन येतो, समाधानी आहात का विचारतात, नसाल तर कारण विचारतात. चांगली गोष्ट आहे, आणि आम्ही गेलो त्या खासगी आणि ट्रस्टच्या ठिकाणी अशी बाहेरची विचारणा आम्हाला झाली नाही, याची मला खंत वाटते. पण अण्णांच्या पिढीचा मोबाइल मुलाच्या नाहीतर नातवाच्या खिशात असतो. त्यांना विचारायचं तर ते खुर्चीत चार तास बसलेले असताना, शेजारी स्टूल घेऊन विचारावं लागेल. आणि विचारणाऱ्याच्या हातात फाइल असावी लागेल.

दिवाळीनंतर मी केंद्राच्या प्रमुख डॉक्टरांना एक पत्र दिलं. तीन गोष्टी मागितल्या. शिफ्ट लांबली तर किती, ते बाहेरच्या फळ्यावर लिहावं. प्रत्येक रुग्णाला त्याचं ड्राय वेट आणि महिन्याचं हिमोग्लोबिन लिहिलेलं कार्ड द्यावं, त्याच्या भाषेत. आणि आरओच्या पाण्याच्या तपासणीचा दर महिन्याचा अहवाल हॉलमध्ये लावावा. पहिल्या दोन्ही गोष्टी सुरू झाल्या आहेत. फळ्यावर अण्णा स्वतः नजर ठेवतात, वेळ बदलली आणि लिहिलं नाही तर आत जाऊन सांगतात. पाण्याच्या अहवालाबद्दल ट्रस्टींचं म्हणणं असं की तो लोकांना कळणार नाही आणि उगीच घबराट होईल. मी पुढच्या बैठकीची वेळ मागितली आहे, आणि या वेळी अण्णाही येतो म्हणालेत.